टेकले

गेल्या वर्षाचं कॅलेंडर मी अजून रद्दीत दिलेलं नाही. बायकोने दोनदा खिळ्यावरून काढलं, दोन्ही वेळा मी ते गुंडाळून कपाटावर ठेवलं. नव्या वर्षाचं तिने लावलंय आणि त्यात तिच्या चौकटी भरायलाही लागल्यात: दुधाचे खाडे, सिलिंडर आला तो दिवस, चतुर्थी. माझ्या चौकटी कोऱ्या आहेत.

आमच्या घरी एकाच कॅलेंडरवर दोन माणसं लिहितात. ती पेन्सिलीने, मी रंगीत पेनाने. मी विमानं लिहितो. कुठलं नवं विमान पहिल्यांदा उडालं, कुठलं मोडीत निघालं, कुठलं कोसळलं. सुखरूप असेल ते हिरव्या पेनाने, बाकीचं लाल. ही नोकरीत लागलेली खोड आहे. ओझरच्या विमान कारखान्यात मी अडतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. तपासणी म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट शोधायची, आणि नाहीच सापडली तर कागदावर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. अशा माणसाचा स्वभाव पुढे कसा होतो ते माझ्या बायकोला विचारा. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा मी पंचनामा केल्यासारखं सांगतो, असं ती म्हणते. खरं आहे ते.

कारखान्यात एक रीत होती, कुठे लिहिलेली नव्हती. तयार झालेलं विमान पहिल्यांदा चाचणीला वर गेलं की ज्यांचे हात त्याला लागलेत त्यांनी चहा घ्यायचा नाही. चहाची गाडी शेडपाशी येऊन उभी राहायची आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघायचं नाही. सगळे दारात, माना वर. वर एकटा वैमानिक आणि खाली आम्ही एवढी माणसं, आणि प्रत्येकाच्या मनात आपापला स्क्रू. मग लांबून चाकांचा आवाज यायचा, धावपट्टीवर धुराचा पुंजका उडायचा आणि कुणीतरी म्हणायचं, "टेकलं." उतरलं नाही, आलं नाही. टेकलं. त्यानंतर तो गार झालेला, साय धरलेला चहा आम्ही असा प्यायचो की विचारू नका.

तो शब्द मी घरी आणला. मुलगी त्याच्यातच वाढली. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली, एकुलती एक. शाळेतून आली की दप्तर सोफ्यावर टाकून म्हणायची, "टेकले!" आणि बायको आत आधण ठेवायची. पाहुण्यांना वाटायचं पोरगी दमून बोलते.

बी.कॉम. झाल्यावर एकदा जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मी केबिन क्रूचा फॉर्म भरलाय."

मी म्हणालो, "एवढं शिकून लोकांना चहाच द्यायचा, तर आडगाव नाक्यावर टपरी टाकून देतो की."

ती हसली नाही. बायको माझ्यावरच उलटली. "भरू द्या तिला. तुम्ही जन्मभर विमानं केली, बसले का कधी एकात तरी?"

बसलो नव्हतो. आमच्या खात्यातले बहुतेक जण कधी विमानात बसले नव्हते. आम्हाला ते विचित्र वाटायचं नाही.

पहिल्या दिवशी ती ड्युटीवर गेली तेव्हा बायकोने पातेलं शेगडीवर ठेवलं, चहा-साखर घातली आणि गॅस मात्र पेटवला नाही. दोघं समोरासमोर बसून राहिलो. दीड तासाने फोन वाजला. एकच शब्द होता: टेकले. मी उलट कपबशीचं चित्र पाठवलं. तीन वर्षं हे असं चाललं. दिवसाला कधी दोनदा, कधी चारदा. मी दिवसाचे सहा कप पिणारा माणूस, मला या रिवाजाचं ओझं कसं होईल?

भीती नव्हती मला. लोक विचारायचे, "पोरगी विमानात, काळजी नाही वाटत?" मी म्हणायचो, विमान पडत नसतं हो, माणसं चुकतात. आणि चुका पकडायला आमच्यासारखी माणसं बसलेली असतात.

दोन हजार पंचवीसची सुरुवातच लाल पेनाने झाली. जानेवारी सरता सरता अमेरिकेत एक प्रवासी विमान उतरत असताना लष्करी हेलिकॉप्टरला धडकलं आणि दोन्ही नदीत पडली. मी चौकटीत लिहिलं, खाली बायकोचा खाडा होता. फेब्रुवारीत कॅनडात एक विमान बर्फाळ धावपट्टीवर उतरताना पालथं झालं, पंख तुटला, आग लागली, आणि आतली सगळीच्या सगळी माणसं जिवंत बाहेर आली. हे कुठल्या पेनाने लिहावं मला कळेना. तेवढ्यात तिचाच फोन आला, आवाजात नुसता आनंद.

"पप्पा, व्हिडिओ बघितला का? माणसं उलटी लटकलेली होती पट्ट्याला. तशी बाहेर काढली त्यांना. हे आमचं खरं काम. चहा-कॉफी मधल्या वेळेतली."

मग तिने मला एक गोष्ट सांगितली. उडताना आणि उतरताना ती दाराजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसते. पाठ ताठ, पावलं सपाट, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. आणि मनातल्या मनात घोकत असते: दार कुठल्या बाजूचं, हँडल कसं फिरवायचं, बाहेर आग दिसली तर काय, पाणी दिसलं तर काय, जवळ म्हातारं माणूस कोण, लहान मूल कुठे. चाकं टेकेपर्यंत.

"रोज, पप्पा. दर वेळी. लोकांना वाटतं आम्ही नुसत्या छान दिसत बसलोय."

"म्हणजे तपासणीच की," मी म्हणालो.

"मग? कुणाची मुलगी आहे?"

मी हिरवं पेन उचललं. त्या चौकटीत जागा पुरली नाही म्हणून शेजारच्या चौकटीतही लिहिलं. आयुष्यात मला कुणी एवढं मोठं केलं नव्हतं. चार महिन्यांत मी ते सगळं मातीत घातलं, ते कसं हेच मला सांगायचंय.

मे महिन्यात सीमेवर लढाईची वेळ आली, उत्तरेकडचे विमानतळ बंद झाले आणि तिला अचानक सुट्टी मिळाली. ती घरी होती तेव्हा बातम्या बघताना मी देशाची काळजी करायची सोडून मनातून खूश होतो. भीती बहुधा तेव्हाच आत शिरली असावी. सुखाचा मुखवटा घालून आली, त्यामुळे मला ओळखू आली नाही.

जूनमधल्या त्या दुपारी बायको जेवून आडवी झाली होती. मी टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघत होतो. अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उडाल्या उडाल्या एका वसतिगृहावर कोसळलं होतं. पडद्यावर काळा धूर, आणि इमारतीच्या भिंतीत अडकलेली विमानाची शेपटी. विमानाची शेपटी मी हाताने चाचपून पाहिलेला माणूस. ती अशी विटांमध्ये बघवेना.

मी मुलीला फोन लावला. बंद होता. ते विमान तिच्या कंपनीचं नव्हतं. ती देशातल्या देशात फिरणारी, लंडनच्या वाटेला कधी गेलेली नव्हती. ती हवेत आहे म्हणजे फोन बंदच असणार, हेही मला कळत होतं. सगळं कळत असून मी फोन लावत राहिलो. बायको उठून बाहेर आली, टीव्ही बघितला, माझ्याकडे बघितलं आणि तिथेच फरशीवर बसली. चहाची वेळ झाली आणि गेली. कुणी उठलं नाही.

पावणेपाचला फोन वाजला. टेकले.

बायको देवापाशी गेली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्या विमानातल्या क्रूच्या मुलींचे फोटो आले. आपल्या महाराष्ट्रातल्या पोरीही होत्या त्यात. तसाच अंबाडा, तशीच लिपस्टिक, तसंच ते हसू. त्यांच्या बापांनीही आदल्या दिवशी फोन लावले असतील. मी कॅलेंडरसमोर लाल पेन घेऊन उभा राहिलो आणि पेन परत ठेवलं. त्या चौकटीत काहीच लिहिलेलं नाही. त्या दिवशी दूधही आलं नव्हतं, पण बायकोने खाडाही मांडला नाही.

त्या आठवड्यात मी मुलीला फोनवर म्हणालो, "आता बास. राजीनामा दे."

"पप्पा, असं कसं देऊ? माझं काम आहे ते."

"काम बिम काही सांगू नको मला."

"तुम्हीच म्हणाला होता ना, तपासणी आहे म्हणून?"

तेव्हा मी ते बोललो. "तू कायमची टेकल्याशिवाय मी चहाला तोंड लावणार नाही. सांगून ठेवतो."

मग ती हळूच म्हणाली, "असं नका ना करू, पप्पा." मला दया यायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझ्या हातात काहीतरी आलं होतं. आमची पवित्र रीत होती ती, माणूस सुखरूप यावा म्हणून पाळायची. मी तिचा फास केला.

दुसऱ्या दिवसापासून चहा बंद. पहिले चार दिवस डोकं असं ठणकलं की भिंतीवर आपटावंसं वाटे. तिचे मेसेज येत राहिले. टेकले. टेकले. मी वाचायचो, तिच्याकडे दोन निळ्या खुणा उमटत असतील, पण कपबशी पाठवली नाही. बायको पिंपळगाव बसवंतची, बोलायला तिखट. ती माझ्यासमोर बसून आपला चहा बशीत ओतून फुरके मारत प्यायची आणि म्हणायची, "पोरीच्या पायात बेड्या घालताय तुम्ही. लय वाईट करताय. तिला काय व्हायचं ते वर होवो नाय तर खाली, पण तुमच्या हातून नको व्हायला."

मी तोंड फिरवून पेपर वाचायचो.

सप्टेंबरात हवाई दलाने आमचं जुनं लढाऊ विमान निवृत्त केलं. कारखान्यात आम्ही त्याला नुसतं 'एकवीस' म्हणायचो. मी कामाला लागलो ते एकविसाच्याच शेडमध्ये, पहिला शिक्का मारला तो एकविसाच्याच कागदावर. टीव्हीवर निरोपाचा कार्यक्रम चालू होता. मला मात्र एक बाई आठवत होती. फार वर्षांपूर्वी एका समारंभाला एका तरुण वैमानिकाची आई आली होती. हळूच माझ्या जवळ येऊन तिने विचारलं, "दादा, चांगलं आहे ना हो हे? माझा मुलगा बसतो यात." मी छाती काढून म्हणालो, "आई, माझा शिक्का आहे त्याच्यावर. निर्धास्त राहा." त्या बाईने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मुलाला उडू दिलं. किती आयांना आम्ही असं निर्धास्त राहा म्हणालो असू. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा मला एक दिवससुद्धा निर्धास्त राहता आलं नाही. मी टीव्ही बंद केला. कॅलेंडरवर काय लिहिलं ते आठवत नाही. हिरव्यानेच लिहिलं असावं, कारण आता ते पुन्हा कधी पडणार नव्हतं.

ऑक्टोबरात ओझरला नवं लढाऊ विमान पहिल्यांदा उडणार होतं, आपल्या देशात घडवलेलं, आमच्या कारखान्यात जोडलेलं. मुलगी तेव्हा चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती. सकाळीच तयार होऊन म्हणाली, "चला पप्पा, स्कूटीवर जाऊ. तुम्हाला बघायचं असेल ना."

कारखान्याच्या कुंपणाच्या मागे, हायवे सोडून आत जाणाऱ्या रस्त्यावर एक द्राक्षबाग आहे. तिच्या बांधावरून धावपट्टीचा शेवटचा तुकडा दिसतो. शेजारी एका म्हातारीची चहाची टपरी. आमचे निवृत्त लोक आधीच जमले होते. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या कानात मशीन. माझी मुलगी त्यांच्यात उभी राहून प्रत्येकाला विचारत होती, तुम्ही कुठल्या खात्यात होता, काका? तिला सगळे ओळखत होते. तपासणीवाल्याची हवाईसुंदरी, म्हणायचे.

विमान उडालं. कान फाडत गेलं आणि ढगाआड दिसेनासं झालं. टपरीवालीने आपसूक चहा गाळून ग्लास भरून ठेवले, पण एकाही म्हाताऱ्याने ग्लास उचलला नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीने माझा हात धरला होता. तिचा हात गार पडला होता, माझाही.

मग ते आलं. चाकांचा आवाज, धुराचा पुंजका. आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी एकदम म्हटलं, "टेकलं!" एकाला रडू फुटलं. सगळे टपरीवर तुटून पडले. मुलगी दोन ग्लास घेऊन माझ्याकडे आली. डोळे भरलेले, नाक लाल झालेलं. एक ग्लास तिने माझ्यापुढे धरला.

"घ्या ना, पप्पा. आजच्या दिवस."

मला फक्त हात पुढे करायचा होता. अडतीस वर्षांत मी जे काही केलं होतं ते समोर टेकलं होतं, आणि त्याचा चहा घेऊन माझी लेक समोर उभी होती. पण मला एवढंच दिसलं की आज ती मऊ झालीय, आज सोडलं तर पुन्हा हाती लागायची नाही.

मी म्हणालो, "तू टेकलीस की घेईन."

आजूबाजूच्यांनी ऐकलं. तिने दोन्ही ग्लास टपरीच्या फळीवर ठेवले, तसेच, भरलेले. मग हेल्मेट घातलं. परतीच्या वाटेवर मी मागे बसून तिच्या पाठीकडे बघत आलो.

नोव्हेंबरात दुबईच्या हवाई प्रदर्शनात तसलंच एक नवं विमान कसरती करता करता कोसळलं आणि त्यातला वैमानिक गेला. ऑक्टोबरात बांधावर उभे होतो ते सगळे म्हातारे त्या दिवशी एकमेकांना फोन करत होते. आणि अशा दिवशी मी काय केलं? ती क्लिप मुलीला पाठवली. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती. एक माणूस मेला होता, आणि मी त्याचं मरण माझ्या पोरीला भीती घालायला वापरलं.

तिचं उत्तर आलं नाही. त्या दिवशी 'टेकले'ही आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं.

डिसेंबराच्या सुरुवातीला वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांवरून विमानसेवेचा सगळा खेळखंडोबा झाला. दिवसचे दिवस विमानं रद्द. ती परक्या शहरातल्या विमानतळावर अडकली होती, अंगावर युनिफॉर्म. ज्याचं लग्न चुकलं, ज्याची मयत गाठायची राहिली, तो प्रत्येक जण दिसेल त्या युनिफॉर्मवर ओरडत होता. तीन दिवस तिने ते ऐकून घेतलं. एका आजोबांनी तिचा दंड धरून विचारलं म्हणे, "तुझा बाप असा अडकला असता तर?" हे तिने आईला सांगितलं, मला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ती दारात उभी राहिली. बॅगेची चाकं उंबऱ्याला अडकली होती आणि ती ओढायचं तिला त्राण नव्हतं. मी उठून बॅग आत घेतली. ती सोफ्यावर बसली, अंबाड्याच्या पिना एकेक करून काढून टीपॉयवर ठेवत राहिली. शेवटची पिन निघाल्यावर म्हणाली, "दिला राजीनामा. हात टेकले, पप्पा."

सहा महिने ज्या शब्दाची मी वाट बघत होतो तो असा आला. आधी 'हात' लावून आला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती हलली नाही. मुलगीच आत गेली आणि तिने चहा केला. ट्रेमध्ये कप, बशीत चमचा, कपाचा कान माझ्या उजव्या हाताकडे वळवलेला. किंचित वाकून तिने तो समोर धरला आणि हसली. ते हसू मी पेपरातल्या फोटोंत पाहिलं होतं.

"घ्या," ती म्हणाली.

मी प्यायलो. एक घोट घेतला आणि मला कळलं की मी जिंकलोय, आणि आता या घरात आम्ही तिघं असेच राहणार. चहा मी पूर्ण संपवला, कारण ती तिथेच उभी होती.

बायकोच्या भावाचं पिंपळगावला द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. तो लगेच म्हणाला, "दाजी, घरचीच पोरगी हाय, बसू द्या ना आमच्या ऑफिसात. एक्स्पोर्टचे कागद बघील." जानेवारीपासून ती तिथे जायला लागली. बाहेर ऊन असलं तरी आत स्वेटर घालून बसावं लागतं. द्राक्षांच्या पेट्या परदेशी जातात, ती त्यांच्यावर कुठल्या देशाचं लेबल आहे ते बघते. काम चांगलं करते, असं मामा सांगतो. चुका पकडते म्हणे.

सकाळी नाश्त्याला ती टेबलाशी येऊन बसते. पाठ ताठ, पावलं सपाट, दोन्ही हात मांड्यांखाली. बशी समोर आली की हात काढते. आधी माझ्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हापासून मी तिच्यासमोर बसत नाही, पेपर घेऊन बाहेर जातो.

ती पावणेनऊला स्कूटीवरून निघते आणि साडेनऊच्या सुमाराला मेसेज येतो: टेकले. मी कपबशी पाठवतो. पुन्हा सुरू केली मी कपबशी. तिच्याकडून पुढे काही येत नाही. बायको विचारते, "पोचली का?" मी म्हणतो, पोचली. माझा चहा मात्र ती करत नाही आता. "तुमचा तुम्ही करा," म्हणते. मी करतो, तो मलाच आवडत नाही.

मागच्या आठवड्यात मला कारखान्याच्या दवाखान्यात साखर तपासायला जायचं होतं. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून सकाळी सातच्या बसने गेलो. काम लवकर आटोपलं. चहाची तल्लफ आली आणि पाय आपोआप द्राक्षबागेच्या बांधाकडे वळले. म्हातारीने ओळखलं, बाकड्यावर जागा दिली, चहाचा ग्लास हातात ठेवला. मी तोंडाला लावणार तेवढ्यात टपरीच्या फटीतून पलीकडे स्कूटी दिसली.

कुंपणापाशी माझी मुलगी उभी होती. डोक्यावर हेल्मेट, अंगात ऑफिसचा स्वेटर, पाठ माझ्याकडे.

म्हातारी म्हणाली, "ती व्हय? रोज येती. चहा बिहा काय घेत नाय. इमान आलं का जाती निघून."

मी उठलो नाही. तिला हाक मारली असती तर ती वळली असती, आणि वळून तिने मला काय म्हटलं असतं ते ऐकायची माझी तयारी नव्हती. थोड्या वेळाने पूर्वेकडून, कारखान्याच्याच धावपट्टीवर उतरणारं सकाळचं प्रवासी विमान आलं. ते खाली यायला लागलं तसं तिने हेल्मेट काढून स्कूटीवर ठेवलं आणि पाठ ताठ केली. दोन्ही हात बाजूला मांड्यांवर घट्ट दाबून धरले. तिचे ओठ हलत असावेत, मला मागून दिसत नव्हते. दार कुठल्या बाजूचं. हँडल कसं. म्हातारं कोण, मूल कुठे. विमान कुंपणावरून गेलं, चाकांचा आवाज आला, धूर उडाला.

तिचे खांदे सैल झाले. तिने पर्समधून फोन काढला.

माझ्या खिशातला फोन वाजला. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. साडेनऊला दोन मिनिटं कमी होती. पिंपळगाव अजून बरंच लांब होतं.

टेकले.

तिने हेल्मेट घातलं, स्कूटी चालू केली आणि ती हायवेच्या दिशेने गेली. हातातला चहा मी फळीवर ठेवला. म्हातारी म्हणाली, "काय झालं, बाबा? गोड झाला का?" "नाही," मी म्हणालो, "साखर वाढलीय माझी."

घरी आलो तर बायको तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "पोचली का?"

"टेकली," मी म्हणालो.